चार आणे

जीशाननं आल्या आल्या माझ्या तोंडावर बुक्की मारली. लातूरहून नांदेडपर्यंत बसमध्ये तो मूठ आवळूनच बसला असणार, कारण माझा दात हलला आणि मी कॉम्प्युटरच्या टेबलावर आडवा झालो.

"बिलालचा डोळा गेला," तो म्हणाला. "डॉक्टरनं सकाळी सांगितलं."

बिलाल त्याचा धाकटा भाऊ. दोघंही लातूरला रडारच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आहेत. अशा नळीत एका टोकाच्या गनमधून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो आणि तारेच्या बारीक वेटोळ्यातून जाता जाता सिग्नलला बळ देतो. झोत वेटोळ्याला शिवता कामा नये. पण इलेक्ट्रॉन भाऊबंदांसारखे एकमेकांना ढकलत सुटतात, म्हणून बाहेरून चुंबक लावून त्यांना आवळावं लागतं. किती आवळायचं, ते मी नांदेडला बसून, कॉम्प्युटरवर झोत चालवून सांगतो.

या वेळीही सांगितलं होतं. परवा त्यांनी नवी नळी चालू केली. झोत फाकला, वेटोळं वितळलं, आत ठिणगी पडून नळीचं सिरॅमिक फुटलं. बिलाल शेजारीच उभा होता.

"तुझ्या स्क्रीनवर सुतासारखा सरळ चालला होता की रे झोत." त्यानं माझी कॉलर धरून डोकं भिंतीवर आपटलं.

बिलालला मी भोकरला आमच्या शेतात हुरडा खायला नेलं होतं. त्याच्या डोळ्याचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण मार खाऊन गप बसायची आमच्या घरात कुणालाच सवय नाही. हाताला स्टूल लागलं, ते मी जीशानच्या कपाळावर घातलं. भुवई फुटली, तरी तो मागं हटला नाही. त्यानं मला खाली पाडलं आणि कीबोर्डची वायर गळ्याभोवती आवळली. डोळ्यांपुढं अंधारी आली. मी गुडघा त्याच्या पोटात घातला, तेव्हा कुठं वायर सैल झाली.

"तुझंच ऐक," मी खोकत म्हणालो आणि मोबाइलवर त्याचाच मेसेज लावला.

"हरिओम, नव्या गनचा करंट पाठवला हाय. चार आणे घे."

नळी चहूबाजूंनी सारखीच, म्हणून वेळ वाचवायला कॉम्प्युटरवर आम्ही पाव नळीच चालवतो. मग करंटही पावच द्यायचा. सोळा आण्यांतला पाव हिस्सा, म्हणून आम्ही त्याला चार आणे म्हणतो.

"तूच म्हणला, चार आणे घे. मी तुझ्या आकड्याचा पाव घेतला," मी म्हणालो. "नव्या गनचा अंदाज मला कुठं होता?"

जीशानच्या हातातून वायर गळाली.

"मी पाव करूनच पाठवला होता रे. हे घे चार आणे, असं म्हणून राहिलो होतो."

चार आण्यांतले चार आणे. म्हणजे एक आणा. तेवढ्याशा झोतात इलेक्ट्रॉन एकमेकांना काय ढकलणार? म्हणून तर तो सरळ चालला, आणि मी चुंबक नरम सांगितले.

"बरोबर आकडा टाक," तो म्हणाला.

टाकला. आम्ही शेजारी शेजारी उभे राहून बघत होतो. त्याच्या भुवईचं रक्त टेबलावर पडत होतं, मी माझं गिळत होतो. स्क्रीनवर झोत निघाला, अर्ध्या वाटेवर फुगला आणि चहूबाजूंनी वेटोळ्यावर जाऊन आदळला. आदळला तिथं लाल ठिपके उमटत गेले. हे आधी दिसलं असतं तर त्या पोराचा डोळा राहिला असता. मला स्वतःची एवढी घृणा कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात जीशानचा मोबाइल वाजला. दवाखान्यातून बिलाल होता. आवाज बारीक, पण मलाही ऐकू आला.

"भाई, मिला क्या वो?"

जीशाननं माझ्या फुटलेल्या ओठांकडं पाहिलं, मग आपल्या रक्ताळलेल्या हातांकडं.

"मिला," तो म्हणाला. "दो थे."

"मारे क्या?"

"हाव. दोनों को."