खुशीनं द्याल ते

शेणवे गावाच्या पलीकडच्या वाडीत लडकू सनई वाजवायचा. पाठवणीला त्यानं सूर लावला की नवऱ्याकडचे मामासुद्धा डोळे पुसायचे. बोलणं मात्र त्याला कधी जमलं नाही. चार माणसं समोर आली की जीभ टाळ्याला चिकटायची, आणि साठ वर्षांत त्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते धरणामुळे. वाडीची भातशेती आणि देवाची राई पाण्याखाली जाणार म्हणून मोर्चा निघाला. पुढे लडकू वाजवत होता. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, लाखभर लोकांनी पाहिला. झालं! जो तो चॅनलवाला विचारू लागला, "सनईवाले काका कुठायत?" आंदोलनाचा पुढारी मनोज बी.ए. झालेला, तासभर न अडखळता बोलणारा, पण कॅमेरा काही त्याच्याकडे वळेना. मग त्यानंच ठरवलं, जमिनी घेण्याच्या सरकारी सुनावणीत साहेबासमोर वाडीतर्फे लडकूकाका बोलणार.

"मला नाय जमणार रे," लडकू म्हणाला. "मी वाजवतो. तू बोल."

"काका, लोकं तुमाला बघतात. तीन वाक्यं तर हायेत!"

मनोजला कुणी सनई वाजवायला सांगितली नव्हती, एवढं ध्यानात ठेवा.

आमी जमीन देणार नाय. आमचा देव बुडू देणार नाय. आमाला कोणी विकत घेऊ शकत नाय. आठ दिवस लडकू बैलांना, बांधाला, चुलीला हेच ऐकवत हिंडला. बायको रंगू म्हणाली, "अवो, तुमचं तोंड फुंकायचं हाय, बोलायचं नाय. त्या पोराला नाय म्हणा." त्यालाही ते पटत होतं. पण नाय म्हणायलाही बोलावंच लागतं.

सुनावणी शाळेच्या पटांगणात होती. मांडव, सतरंज्या, टेबलावर हारांची ताटं, सगळा थाट लग्नाचा. साहेब गोड माणूस होता. लडकूला पुढे बोलावून म्हणाला, "काका, तुमची सनई मोबाईलवर ऐकली. वा! बोला, काय द्यायचं तुम्हाला?"

चाळीस वर्षं मांडवातला यजमान हेच विचारत आला होता. वाजवणाऱ्यानं आकडा सांगायचा नसतो, ही बापानं घालून दिलेली रीत. लडकूचे हात आपोआप जोडले गेले, मान खाली गेली.

"तुमी खुशीनं द्याल ते, साहेब."

"लिहून घ्या," साहेब कारकुनाला म्हणाला. वाडीच्या प्रतिनिधीचा मोबदला घेण्यास विरोध नाही, असं कारकुनानं लिहिलं. मनोज ओरडला, सगळी वाडी ओरडली, तोवर वही मिटली होती. संध्याकाळपर्यंत चॅनलवर तेवढं एकच वाक्य फिरत राहिलं. त्याच महिन्यात शेतात मोजणीचे दगड लागले.

लडकूला कुणी मारलं नाही. वाडी तशी सभ्य. फक्त लग्नांना बँजो यायला लागला, आणि नळावर बाया रंगूला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "विकला गेला." त्याला उभा कुणी केला, हे कुणाच्याच आठवणीत राहिलं नव्हतं. खुंटीवरच्या सनईची तोंडाशी धरायची पाती सुकून फाटली. लडकूला जमिनीपेक्षा त्याचंच जास्त दुःख होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटायची.

फाल्गुनात मनोज स्वतः दारात आला. "काका, सारिकाचं लगीन हाय. तुमीच वाजवायची." बहिणीच्या लग्नाला बोलावतोय! लडकूचे डोळे भरले. त्यानं नवी पाती बसवली. त्या दिवशी त्यानं अशी वाजवली की धसईहून आलेले वऱ्हाडी जेवता जेवता थांबले. वाडीनं आपल्याला परत घेतलं, असं त्याला वाटलं.

पाठवणी झाली. मनोज माइक घेऊन समोर आला. "काका, बोला, काय द्यायचं तुमाला?"

कुणीतरी फिसकन हसलं. आपल्याला कशाला बोलावलं, ते लडकूला तेव्हा कळलं. ते वाक्य आता मेलो तरी बोलायचं नाही, म्हणून त्यानं जोडलेले हात ओढून सोडवले, डोळे मिटले, आणि तोंड उघडलं.

"आमी जमीन देणार नाय. आमचा देव बुडू देणार नाय. आमाला कोणी विकत घेऊ शकत नाय."

खणखणीत. एक शब्द चुकला नाही. सगळा मांडव पोट धरून हसला, लहान पोरंसुद्धा. सगळ्यात जास्त मनोज हसला. डोळे पुसत त्यानं खिशातून एक रुपया काढून लडकूच्या हातावर ठेवला.

"घ्या काका. खुशीनं."

रुपया मुठीत तसाच होता, तरी लडकूनं रीतीप्रमाणे हात जोडले.