नवाराच्या अंगणाचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे, अंगणाचा. परवाच माझी डागडुजी झाली आणि गल्लीत सगळे मला वाखाणतात. पण मित्रांनो, खरे सांगतो, मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

नाईलकाठच्या आमच्या गावात वहबा सुताराने मला बाभळीच्या फळ्यांपासून बनवले. माझे काम एकच होते. गल्लीतली कुत्री आत येऊ द्यायची नाहीत. आमच्याकडे पावाचे गोळे मातीच्या ताटल्यांवर मांडून अंगणात उन्हाने फुगू देतात, मग भट्टीत घालतात. कुत्र्याने तोंड लावले की तो पाव माणसाला वर्ज्य. म्हणून घरधनीण नवारा मला जपायची, आठवणीने तेल लावायची. शेजारणी म्हणत, "नवारा, तुझा दरवाजा बघूनच कुत्री शेपूट घालतात गं!" हे ऐकून पावाच्या आधी मीच फुगत असे.

पुढे नवाराचे गुडघे धरले आणि मी तिचा नवरा हरीदी याच्या वाट्याला आलो. माझी बिजागरी सुटली, खालची फळी कुजली. "ऊस तोडून झाला की बघतो," हरीदी म्हणे. ऊस झाला, गहूही झाला. शेवटी त्याने उंबऱ्यावर पाण्याने भरलेल्या बाटल्या मांडल्या. त्यांच्या चकाकीला कुत्री भितात, असे त्याला कुणीतरी सांगितले होते.

"अहो, कुत्र्यांना तहान लागेल म्हणून ठेवल्यात का?" नवाराने विचारले. मला हसू आले नाही. माझे काम बाटल्यांकडे गेले होते.

मग तिच्या मुलीला, राविया हिला, मागणी घालायला पाहुणे यायचा दिवस उजाडला. नवाराने पहाटेच कणीक मळली, गोळे उन्हात मांडले आणि ती भट्टी पेटवायला वळली. तेवढ्यात एक हडकुळी पिवळी कुत्री बाटल्या ओलांडून माझ्या कुजक्या फळीखालून आत शिरली. मी तिला अडवू शकलो नाही. तिने दोन गोळे गिळले, बाकीचे चाटले. हरीदीने वीट फेकली, ती तिच्या पायावर बसली. केकाटत ती माझ्याखालूनच बाहेर पळाली.

"ओरडू नकोस," हरीदी कुजबुजला. "वरवरचं खरवड आणि भाज. आगीत सगळं शुद्ध होतं. कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय ना!" नवारा मटकन खाली बसली. "पोरीच्या सासरच्यांना पहिलाच घास उष्टा घालू? देवा, काय तोंड दाखवू मी त्यांना?"

पाहुणे बाहेरच उभे होते. मुलाची आई फहीमा आणि मुलगा किनावी. माझ्या फटीतून त्यांना सगळे ऐकू गेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

फहीमा आत आली आणि नवाराजवळ बसली. "पाव राहू दे गं बाई. आम्ही पोर मागायला आलोय, पाव नाही."

किनावी बाह्या सरसावून, कोपऱ्यातली हातोडी उचलून माझी बिजागरी बसवू लागला.

"अरे, पाहुणा तू! हातोडी ठेव," हरीदी गयावया करू लागला. "गाव काय म्हणेल?"

"गावाला म्हणायचं ते बाटल्या बघूनच म्हणून झालंय, काका. खिळे द्या."

हरीदी मान खाली घालून एकेक खिळा देत राहिला. लग्न ठरले. चाटलेली कणीक नवाराने कुत्रीलाच नेऊन घातली.

आता मी घट्ट बसतो. माझ्या फटीतून समोरच्या भिंतीशी ती कुत्री दिसते. पिल्लांना पाजून उठते आणि तीन पायांवर लंगडत जाते. तिला भूक होती आणि मी उघडा होतो, एवढेच घडले होते. मित्रांनो, तुमच्या अंगणात कुत्रे शिरले तर दगड उचलण्याआधी एकदा दरवाजाकडे बघा. बिजागरीला तेल द्या, फळीला वेळेवर खिळे मारा. ती वीट माझ्या वाट्याची होती, खाल्ली मात्र तिने.