खाचेतली अक्षता

मित्रांनो, औशातल्या एका घरात खिडकीजवळच्या टेबलावर बसलेला मी एक जुना संगणक आहे. माझ्या पोटातल्या पंख्याची घरघर तुम्हाला ऐकू येत असेल तर सांभाळून घ्या, वय झालं आता. माझी कथा सांगताना मध्येच एका ठिकाणी मला फार लाज वाटणार आहे. तेवढा भाग गाळावा असं मनात येऊन गेलं, पण तो गाळला तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

माझा जन्म लातूरच्या एका दुकानातला. जन्म तरी कसला, दहा ठिकाणचे सुटे भाग आणून एका पत्र्याच्या पेटीत कसले, झालं. मोठ्या कंपन्यांचे संगणक काचेच्या कपाटात ऐटीत बसलेले असायचे आणि मी खाली फरशीवर. तरीही दत्तोपंत सरांनी मलाच पसंत केलं. सर औशाच्या शाळेत शिकवायचे. मुलगा राघवेंद्र याच्या शिक्षणासाठी त्यांनी मला घेतलं आणि एस.टी.त लातूर ते औसा मांडीवर धरून आणलं. कंडक्टरनं वरच्या फळीवर ठेवा म्हटलं, तर सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या तिकिटाकडे वळला.

मग माझे मानाचे दिवस आले. दहावीचा निकाल लागला की सगळी गल्ली माझ्यासमोर जमायची. पोरगं पास झालं की पहिला पेढा माझ्यापुढे ठेवायचे, मग तो सरच खायचे. सर एका बोटानं प्रश्नपत्रिका टाइप करायचे. राघवेंद्रच्या लग्नाचा बायोडाटाही माझ्यावरच तयार झाला. त्यात त्याची उंची मी थोडी वाढवून छापली, कारण मला तसं सांगण्यात आलं होतं.

पुढे घराघरात मोबाइल आले. सर निवृत्त झाले, राघवेंद्र लातूरला नोकरीला जाऊ-येऊ लागला. त्याच्या आईनं, विनीताबाईंनी, माझ्यावर मोराचं भरतकाम केलेलं झाकण घातलं. त्या मोरावर हळूहळू औषधांचा डबा, लग्नपत्रिका आणि एक बंद पडलेलं घड्याळ येऊन बसलं. कुणी मला सुरू केलंच, तर मी इतका वेळ लावायचो की माणूस चहा पिऊन येई आणि मी अजून उठतच असे. तुम्हीही अशा संगणकाला शिव्या घातल्या असतील.

माझ्यावरचं ते सगळं सामान उचललं ते मालविकानं. ती या घरची सून, माहेर नांदेडचं. लग्नाआधी ती नांदेडला गणिताच्या शिकवण्या घ्यायची. लोह्याच्या काही मुली तिच्याकडे येत. लग्नानंतर त्या मुलींचं गणित अर्ध्यावर राहिलं. त्यांतल्या सृष्टीचा सारखा फोन यायचा, मॅडम, दुसरं कुणी शिकवलेलं डोक्यात शिरत नाही म्हणून. मालविकानं तिला शब्द दिला होता की दसऱ्याला घरून, संगणकावर, वर्ग सुरू करीन.

सरांना हे फारसं पटलं नव्हतं. या भंगारावर कसला वर्ग, असं ते म्हणाले. मालविका म्हणाली, मी त्यालाच नीट करते. माझी जुनी रॅम काढून मोठी बसवायची, असं तिनं ठरवलं. रॅम म्हणजे काम करताना लागणारी माझी आठवण. ती एका अरुंद खाचेत उभी बसते. माझ्यात अशा दोन खाचा होत्या, पण एक केव्हाच निकामी झाली होती. शेवटी सर कबूल झाले. मशीन चाललं तर वर्ग, नाही चाललं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, एवढीच त्यांची अट होती.

खंडेनवमीचा दिवस आला. त्या दिवशी घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा असते. पाटावर विळी, कात्री, शिलाई मशीन आणि त्यांच्या शेजारी मी. मालविकानं माझं दार उघडून मला आडवं ठेवलं होतं आणि जुनी रॅम काढली होती. ती नवी बसवणार, तेवढ्यात सर म्हणाले, नवी वस्तू पूजेशिवाय जोडायची नाही. ती नैवेद्य आणायला आत गेली. सरांनी माझ्या पत्र्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि कुंकवानं भिजलेल्या अक्षता माझ्या उघड्या पोटावर टाकल्या. मित्रांनो, इतका मान मला कधीच मिळाला नव्हता. मी अगदी फुगून गेलो होतो.

मालविका परत आली आणि तिनं फुलं, अक्षता नीट वेचून घेतल्या. एक दाणा मात्र त्या खाचेत उभा शिरला होता. तो तिला दिसला नाही. मला तो टोचत होता, पण सांगणार कसं? तिनं रॅम दाबून बसवली, दार लावलं. शेजारच्या केवळाबाई आणि गल्लीतली चार माणसं पाहायला आली होती. सरांनी नारळ फोडला आणि बटण दाबलं.

माझा पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला. मी फक्त ओरडलो, टूं, टूं, टूं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. त्या क्षणी जमिनीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं. मालविकानं रॅम काढून पुन्हा बसवली. वायरी तपासल्या, माझी छोटी बॅटरी काढून लावली. शेवटी जुनी रॅमच परत घातली. तरीही टूं, टूं, टूं. आता मात्र सगळ्यांची खात्री पटली की तिनंच काहीतरी जाळलं. लातूरच्या दुकानदारानंही फोनवर हेच सांगितलं, बोर्ड गेला असेल म्हणून.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "उघडणाऱ्याला जोडता बी यावं लागतं, मालविका. चालतं मशीन मारलंस. आता वर्गाचा विषय बंद."

ती माझे सुटे स्क्रू गोळा करू लागली. केवळाबाई पदर तोंडाला लावून उठल्या. मी तिथंच आडवा पडून होतो, कपाळावर कुंकू घेऊन. त्या कुंकवाची मला इतकी लाज वाटली की कुणीतरी ते पुसावं असं वाटत होतं.

दसऱ्याच्या सकाळी विनीताबाई दाराच्या तोरणासाठी झेंडू ओवत बसल्या होत्या. मालविका माझ्याजवळ आली. सृष्टीला नाही म्हणण्याआधी एकदाच पाहते, असं ती पुटपुटली. जुन्या रॅमची सोनेरी कड मळली असेल म्हणून तिनं पांढऱ्या खोडरबरानं ती घासली, आणि खोडरबर लाल झालं.

ती बराच वेळ त्या लाल डागाकडे पाहत राहिली. मग तिनं विनीताबाईंकडून सुई मागून घेतली, मोबाइलचा उजेड खाचेत टाकला आणि चेपलेला लाल दाणा हळूच बाहेर काढला. नवी रॅम बसवली. बटण दाबलं. एकदाच टूं झालं आणि माझ्या पडद्यावर उजेड आला. मी इतका चटकन उठलो की माझं मलाच नवल वाटलं.

आवाज ऐकून सर आले. काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. मालविकानं मूठ मिटली.

"रॅम नीट बसली नव्हती, बाबा. माझंच चुकलं."

मित्रांनो, माझी खरी लाज इथं आहे. मला सगळं ठाऊक होतं, आणि माझ्यापायी ही पोर न केलेली चूक आपल्या अंगावर घेत होती. मी नुसता घरघरत राहिलो.

बोलल्या त्या विनीताबाई. परत मिळालेल्या सुईनं फूल ओवता ओवता, वर न पाहता त्या म्हणाल्या, "मूठ उघड, मालविका."

तिनं उघडली. तळहातावर तो लाल दाणा होता. सरांनी तो पाहिला, मग माझ्या पत्र्यावरचं आपल्या बोटाचं कुंकू पाहिलं. ते खुर्चीवर बसले आणि उपरणं हातात घेऊन उगाच त्याची घडी घालत राहिले. मास्तर माणूस चुकला की किती लहान दिसतो, हे मी तेव्हा पाहिलं. थोड्या वेळानं ते उठले, चपला घातल्या आणि शेजारी जाऊन केवळाबाईंना बोलावून आणलं. कालच्या इतर माणसांनाही हाका मारल्या.

तोवर माझ्या पडद्यावर लोह्याच्या मुली दिसू लागल्या होत्या. सृष्टी अगदी पुढे, वही उघडून बसलेली. सर त्या सगळ्यांच्या देखत म्हणाले, "काल मी हिला नाही नाही ते बोललो. दाणा माझ्या हातचा होता. मशीन हिनंच जिवंत केलं."

मित्रांनो, आम्हा यंत्रांची पूजा जरूर करा, पण आमचं दार लावून. आणि आम्ही बंद पडलो तर ज्याचा हात शेवटी लागला त्यालाच धरू नका. आधी आमच्या आत नीट पाहा. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही नुसते ओरडतो.

त्या सकाळी वर्ग सुरू होण्याआधी सरांनी तबकातून चिमूटभर अक्षता उचलल्या. सवयीनं त्यांचा हात माझ्याकडे वळला, तसा मी पुरता धास्तावलो. हात मध्येच थांबला. मग तो वर गेला आणि त्यांनी त्या सगळ्या अक्षता मालविकाच्या डोक्यावर टाकल्या.