धाकट्यानं नेलेलं विरजण

सुनेनं यीस्टच्या डब्याचं झाकण काढलं. फेस नाही, बुडबुडा नाही, नुसता कुबट वास. बाळाच्या तापात तीन दिवस कसे गेले कळलं नाही आणि डबा थंड खोलीबाहेरच राहिला होता.

पलीकडे मोठ्या टाकीत जवाचा काढा निवत होता. दुपारपर्यंत त्यात यीस्ट पडलं नाही तर तो नासणार. घरात यीस्टला विरजणच म्हणत. आजेसासऱ्यांनी बिअरची भट्टी सुरू केली तेव्हापासूनचं ते. दर वेळी थोडं राखायचं, पुढच्या टाकीला लावायचं. साठ वर्षांत मेलं नव्हतं. तिच्या हाती येऊन वर्षही झालं नव्हतं.

कडेवरच्या बाळाला थोपटत ती अंगणात उगाच फेऱ्या मारत राहिली. शेवटी सासूबाईंनीच डबा हुंगला.

"गेलं. आता एकाच घरी मिळेल."

ते घर चुलतसासऱ्यांचं. गिऱ्हाइकांना भट्टीचा इतिहास सांगताना सासऱ्यांचा आवाज या भावापाशी आला की हमखास चढायचा : धाकटा वेगळा झाला तो झाला, वर विरजण चोरून वाइनचा धंदा थाटला. बावीस वर्षं भावाभावांत अबोला होता.

"बाबांना कळलं तर?"

"ओरडतील. नाही कळलं तर तू झुरशील. बाळ दे इकडे आणि पळ."

चुलतसासरे द्राक्षांची पिंपं धूत होते. ऐकून हसले. "दादाला चोरीचा माल चालेल?"

"काका, चोरलंत म्हणून तर उरलंय."

त्यांनी आपल्याकडचा एक डबा भरून दिला. "पोट वाइनवर चालतं, पण महिन्याला एक पिंप बिअर लावतोच. नाहीतर हेही मेलं असतं. दादाचा गुडघा कसा आहे गं?"

वाटभर तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. विरजण तेच, न सांगता ओतलं तर कोण ओळखणार?

सासरे टाकीपाशीच उभे होते. "कुठे होतीस? काढा निवला कधीचा."

तिनं डबा उचलला, खाली ठेवला. "बाबा, आपलं विरजण मेलं. माझ्याच हातून. हे काकांकडचं आहे."

डब्यात फेस काठापर्यंत चढला होता. ते त्याकडे बघत राहिले.

"मागितल्याबरोबर दिलं?"

"हो. तुमचा गुडघा कसा आहे, विचारत होते."

त्यांनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला.

"ओत," ते म्हणाले. "आणि डबा धुऊन ठेव. परत करायला मी जाईन."

तिनं डबा टाकीवर तिरपा केला. त्यांनी खालून डब्याला हात लावला.