बारा चाळीस

स्वारगेटच्या सिग्नलला श्रीनिवास साठ्यांनी स्कूटर पांढऱ्या रेषेच्या पुढे काढली, पाय टेकला आणि कंबरेत वाकून शेजारच्या गाडीच्या पोटाखाली पाहिलं. गाडी नखशिखान्त काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांच्या कागदाने मढवलेली होती. नाव नाही, चिन्ह नाही, दिवेसुद्धा अर्धे बुजवलेले. बाजारात आणण्याआधी कंपन्या नव्या गाड्या अशा बुरख्यात फिरवून पाहतात, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण चेहरा झाकला तरी सायलेन्सर कुठे लपवणार? मागे एकाऐवजी दोन नळकांडी होती.

"आजोबा, काही पडलंय का?" मागून रिक्षावाल्याने विचारलं.

"पडलं नाही. सापडलंय."

सिग्नल सुटला आणि ती छोटीशी हॅचबॅक घशातल्या घशात गुरगुरत निघून गेली. श्रीनिवासराव भाजी घेऊन सदाशिव पेठेत घरी निघाले होते. ते सातारा रस्त्याने थेट पद्मावतीपर्यंत तिच्यामागे गेले आणि तिथे ती दिसेनाशी झाल्यावरच त्यांना पायाशी ठेवलेल्या पालकाची आठवण झाली.

नोकरीभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं आणि गाडी घेतली ती एकच, लिटरला किती जाते एवढं विचारून. घाटात ती धापा टाकायची आणि शेजारी बसलेल्या पद्मजाबाई "सावकाश हं" म्हणायच्या. त्या गाडीला सावकाशीखेरीज दुसरं काही जमत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आता पासष्टीत या गृहस्थाला एकदा, फक्त एकदा, पाय दाबल्यावर पाठ सीटला चिकटते म्हणजे काय होतं ते अनुभवायचं होतं. येऊ घातलेल्या या गाडीला टर्बो इंजिन आहे, ती शून्यापासून शंभरचा वेग नऊ सेकंदांच्या आत गाठेल, असं सगळे म्हणत होते. किंमत किती, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

कुणालाच म्हणजे, साठ्यांच्या घरात एक माणूस सोडून. त्यांची मुलगी अपूर्वा त्याच कंपनीत, हीच गाडी बाजारात आणणाऱ्या चमूत होती.

त्या रात्री जेवताना श्रीनिवासरावांनी दोन नळकांड्यांची बातमी दिली. अपूर्वाने भाताचा घास घेतला.

"म्हणजे आवाजावर बरंच काम केलंय तुम्ही लोकांनी."

"बाबा, मला काही विचारू नका."

"विचारत कुठे आहे? मी आपला माझ्याशीच बोलतोय."

"स्वतःशी बोलायला एवढा मोठा आवाज लागत नाही," पद्मजाबाई म्हणाल्या.

असं महिनाभर चाललं होतं. श्रीनिवासराव विचारत नसत, नुसते बोलत. अपूर्वा सांगत नसे, नुसती जेवत असे. पण या घराला एक जुनं दुखणं होतं. समोर कुणी चुकीचं बोललं की तिघांपैकी कुणालाही ते दुरुस्त केल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. दुकानाच्या पाटीतली चूक असो की पाहुण्याने सांगितलेलं स्वतःचं वय असो. अपूर्वा तर पाढे म्हणायच्या वयापासून बापाच्या चुका काढत मोठी झाली होती, आणि त्याच चुका बाप तिच्यासाठी कधीकधी मुद्दाम करत असे. ती फळ्याजवळची जुनी युक्ती त्यांना त्या रात्री आठवली.

"हे बघ," ते म्हणाले, "कारखान्यात गाडी बनायला एवढे. त्यावर कर. मग डीलरचा हिस्सा, आणि त्यावर परत कर. पंधरा लाख सत्तरच्या खाली ती येऊच शकत नाही."

"परत कर कशाला?"

"असतो की. दोनदा लागतो."

"दोनदा कसा लागेल, बाबा? कर एकदाच. बारा चाळीसला जर..."

ती थांबली. आमटीची वाटी तिच्या हातात तशीच राहिली.

श्रीनिवासरावांना प्रथम अतोनात आनंद झाला. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि तो आनंद जागच्या जागी विरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल," ती हळूच म्हणाली.

"काय बाहेर गेलं तर? मी काही ऐकलंच नाही."

अपूर्वा ताट घेऊन उठली. दहीभात तसाच राहिला होता.

"मिळालं का हवं ते?" पद्मजाबाईंनी विचारलं.

रविवारी सकाळी टिळक रस्त्यावरच्या अमृततुल्यासमोर नेहमीची मंडळी जमली. मंडळी म्हणजे तिघंच. बँकेतून निवृत्त झालेले सुदर्शन गोरे, हडपसरला टायरचं दुकान असलेले सुखदेव आणि श्रीनिवासराव. नवी गाडी यायच्या आधीच्या रविवारी तिघांनी किंमत सांगायची, हा त्यांचा रिवाज. ज्याचा अंदाज सर्वांत जवळ, त्याने शोरूमची गाडी सर्वांत आधी चालवायची. बाकीचे दोघं मागे बसून सूचना देणार. मागच्या खेपेला सुदर्शन जिंकले होते आणि त्यांनी ती गाडी बँकेच्या शिस्तीत चालवली होती. या खेपेला स्टिअरिंग आपल्या हाती यावं म्हणून श्रीनिवासराव महिनाभर तयारीत होते.

आणि आता आकडा जिभेवर होता. चहाचा प्रत्येक घोट तो आत लोटत होता.

"चौदा लाख," सुदर्शन म्हणाले. "टर्बो आहे, म्हणजे इंजिन बाहेरून येणार. बाहेरून येणार म्हणजे महाग."

इंजिन इथेच बनतं, हे महिन्यापूर्वीच छापून आलं होतं. श्रीनिवासरावांनी कपातल्या चहाकडे पाहिलं.

"शिवाय सहा एअरबॅगा. त्याच मुळी दीड लाखाच्या."

हे तर ऐकवत नव्हतं. तरीही श्रीनिवासराव गप्प राहिले आणि वर "असेल, असेल" म्हणाले.

सुखदेव इतका वेळ बिस्कीट बुडवत होते. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"सर, बरं हाय ना तुम्हाला?"

"का?"

"सुदर्शनसाहेब दोन डाव चुकलं. तुम्ही एकदाबी धरलं न्हाई. म्हंजी तुम्हाला आकडा ठावं हाय. पोरीनं सांगितला."

सुखदेव हसत होते, थट्टाच होती ती. पण ती तिथेच थांबणार नव्हती. सुखदेवांचा पुतण्या गाड्यांच्या बातम्या देणारा चॅनेल चालवायचा आणि काकाच्या दुकानात ऐकलेलं संध्याकाळपर्यंत हजारो लोकांना सांगायचा. गप्प बसून आपण अपूर्वाला वाचवतोय असं त्यांना वाटत होतं. उलट गप्प बसणंच तिला गोत्यात आणत होतं. सदाशिव पेठेतला निवृत्त गणित मास्तर दोन चुका सोडून देतो, यापेक्षा मोठा पुरावा आणखी काय हवा?

त्यांनी कप खाली ठेवला.

"चौदा? सुदर्शन, बँकेत कर्जं अशीच वाटलीत काय?"

सुदर्शन खूश झाले. आता कुठे रविवार सुरू झाल्यासारखं वाटत होतं.

"इंजिन इथलं आहे. एअरबॅगा आता सगळ्याच गाड्यांना देतात, त्याचं कौतुक कसलं? कंपनीला पंचविशीतलं गिऱ्हाईक हवंय. पंचविशीतला मुलगा आईबापांना अकराच्या वरचा आकडा सांगू शकत नाही, घरात जेवण मिळणार नाही. दहा पंचाहत्तर. लिहून ठेवा."

बारा चाळीसपासून पुरेसं लांब म्हणून तो आकडा त्यांनी जागेवर उचलला होता आणि त्यामागची कारणं बोलता बोलता जुळवली होती. आपण स्टिअरिंग सोडून देतोय, हेही त्यांना कळत होतं. सुखदेवांनी मान हलवली, स्वतःचे "तेरा" सांगितले आणि पुन्हा बिस्कीट उचललं.

गाडी बुधवारी दुपारी जाहीर झाली. श्रीनिवासराव मोबाइल फुलदाणीला टेकवून बसले होते, पद्मजाबाई शेंगा सोलत होत्या. बुरख्याशिवाय गाडी लालभडक होती. शंभरचा वेग आठ पूर्णांक सहा सेकंदांत. धूर, संगीत, टाळ्या, आणि मग पडद्यावर किंमत आली. अकरा लाख दहा हजार.

श्रीनिवासरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अकरा दहाच होते.

फोन वाजला. "तुम्ही जिंकलात राव!" सुदर्शन ओरडत होते. "पस्तीस हजारांनी चुकलात फक्त! शनिवारी चालवायची, मी वेळ ठरवतो."

"हो," श्रीनिवासराव म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय झालं? जिंकलात ना?"

"जिंकलो."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. बारा चाळीस खोटं होतं. म्हणजे कराची युक्ती तिने तेव्हाच ओळखली होती आणि आमटीची वाटी हातात धरून बापाला खोटा आकडा दिला होता. तो पांढराफटक चेहराही नाटकच. आपण मात्र चार दिवस तो आकडा जीव मुठीत धरून सांभाळला. तिच्या हुशारीचं त्यांना कौतुक वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. आपल्यावर तिचा भरवसा नाही, आणि त्याला कारण आपणच, हे दोन्ही त्यांना दुपारभर टोचत राहिलं.

संध्याकाळी अपूर्वा आली. गाडी इतकी गाजली होती, पण तिच्या तोंडावर तसं काही दिसत नव्हतं. पिशवी ठेवून ती सरळ जेवायच्या टेबलापाशी बसली.

"बाबा, त्या दिवशी मी जे बोलले, ते तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

"तुला कशाला पंचाईत? आकडा खोटाच होता."

"मला ते आज कळलं."

"म्हणजे?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"आम्हाला एकेकट्याला खोलीत बोलावून किंमत सांगितली होती. प्रत्येकाला वेगळी. खरी कुणालाच नाही. बाहेर कुठला आकडा फुटतो त्यावरून माणूस सापडावा म्हणून. आज कार्यक्रम झाल्यावर साहेबांनी हसत हसत सांगितलं." तिने पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्यायली नाही. "बारा चाळीस या जगात फक्त मला माहीत होते, बाबा. मला आणि तुम्हाला."

पद्मजाबाईंचा हात पोळीच्या डब्यावरच राहिला.

"नाही सांगितलं," श्रीनिवासराव म्हणाले. "कुणालाही नाही."

"चार दिवस मी रोज सगळे चॅनेल बघत होते."

तिने डोळे पुसले. श्रीनिवासरावांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला आणि त्यांनी तो ठेवलाही.

"कुणी सापडलं का?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"आमोद. माझ्या शेजारी बसतो. त्याचे बारा पंच्याऐंशी सोमवारीच एका चॅनेलवर आले. आज दुपारी त्याचा लॅपटॉप काढून घेतला, आम्हाला भेटूही दिलं नाही."

"पण त्या चॅनेलला सांगायची अवदसा त्याला कशाला आठवली?"

"त्याने नाही गं सांगितलं. घरी जेवताना बोलून गेला म्हणे. वडिलांपाशी." अपूर्वा पेल्याकडे पाहत म्हणाली, "रिटायर्ड आहेत. गाड्यांचं वेड आहे त्यांना. त्यांनी मित्रांना सांगितलं."

बाहेरच्या खोलीत श्रीनिवासरावांचा फोन वाजायला लागला. शनिवारची वेळ ठरवायला सुदर्शनच असणार. फोन वाजून वाजून थांबला.

"कुठे राहतात ते?" त्यांनी विचारलं.

"आमोद?"

"त्याचे वडील."

"कोथरूडला. का?"

श्रीनिवासराव उठले. खुंटीवरचा सदरा त्यांनी घातला.

"पत्ता दे," ते म्हणाले. "एकटेच बसले असतील."