बायकांचं दार

“लेकरू केवढं हाय?” धुरपदाबाईनं विचारलं आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. सव्वीस वर्षं ती पाथरीच्या आनंदी टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर उभी होती. या दारावर तिनं तिकिटं फाडली होती, तोंडातलं पान बाहेर थुंकून यायला सांगितलं होतं, खुर्चीवरून जुंपलेली भांडणं सोडवली होती. कुणाच्या लेकराचं वय विचारायची वेळ मात्र तिच्यावर कधी आली नव्हती.

समोरची बाई पंचविशीचीही नसेल. उन्हानं रापलेली, अंगावर ठेवणीतलं लुगडं, आणि दोन्ही हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून ताजे. कडेवरचं पोरगं आईच्या गळ्यातली काळी पोत तोंडात घालून चघळत होतं.

“आठवा म्हैना लागलाय,” ती म्हणाली.

तिचं नाव दैवशाला. ऊसतोडीहून परवाच गावी परतली होती. आज बाजाराचा दिवस. मीठमिरची घेऊन झाल्यावर नवऱ्यानं, परमेश्वरनं, आपणहून सिनेमा दाखवतो म्हटलं होतं. सहा महिने उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत काढलेल्या बाईला हे केवढं वाटलं असेल, ते धुरपदाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण दाराशेजारी पंधरा दिवसांपासून नवा फलक लागला होता : ‘तीन वर्षांखालील मुलांना आत प्रवेश नाही.’ धुरपदाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मालकांनी तिला तो दोनदा वाचून दाखवला होता. तो लागल्यापासून कडेवर लेकरू घेऊन आलेली ही पहिलीच बाई.

मालक म्हणजे आता योगीराज. वडिलांच्या मागं टॉकीज त्याच्याकडं आली. बंद पडायला आलेल्या टॉकीजमध्ये त्यानं नव्या खुर्च्या घातल्या, एसी बसवला, जुन्या पडद्यांच्या जागी जाड दारं लावली. गाव पुन्हा सिनेमाला यायला लागलं. आणि मग गेल्या महिन्यातल्या एका रविवारी तो तमाशा झाला. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले दिनकरराव बायकोला घेऊन आले होते. तीन लेकरं आळीपाळीनं रडत होती, खुर्च्यांच्या मधून पळत होती. खरं तर पुढं बसलेली पोरं शिट्ट्या मारत होती, दोघंतिघं फोनवर कापसाचा भाव विचारत होते, कुणी मुरमुऱ्याची पिशवी खसखसवत होतं. पण दिनकररावांचा पारा चढला तो लेकरांवर. ते उठून ओरडले, एक बाई त्यांच्यावर उलटून ओरडली, आणि कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. खाली लोकांनी लिहिलं, या टॉकीजला घरच्यांना नेऊ नका.

दुसऱ्या दिवशी योगीराजनं फलक रंगवून घेतला. धुरपदाबाईला तो एवढंच म्हणाला होता की, मावशी, बायकांच्या बाजूचा गोंधळ असाच राहिला तर मग दोन दारं ठेवण्यात अर्थ नाही. एका दारावर एक माणूस आणि तिकीट तपासायचं मशीन, भागतं तेवढ्यात. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळंच तिला ते जास्त लागलं.

आज त्यानं दिनकररावांना मुद्दाम बोलावून आणलं होतं, फरक बघायला. ते बायकोसह आत मधल्या, जोडप्यांच्या रांगेत बसलेही होते.

दैवशाला फलकाकडं बघत उभी राहिली. तिलाही वाचता येत होतं असं दिसलं नाही. पण दारातली बाई बाजूला होत नाही, एवढं तिला कळलं. पुरुषांच्या दाराकडून परमेश्वर आला. तिकीट परत होत नाही, हे तो खिडकीवर विचारून आला होता. क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, “तू बस इथंच पायरीवर लेकराला घेऊन. मी बघून येतो. मंग सांगतो तुला इस्टोरी.”

दैवशालानं मान डोलावली. ती रागावली नाही की रडली नाही. पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सावली कुठं आहे ते बघायला लागली.

 धुरपदाबाई वीस वर्षांची असताना याच टॉकीजच्या पायरीवर बसली होती. मांडीवर रामकिशन, सहा महिन्यांचा. तो आत रडला होता, लोक ओरडले होते की काढा त्याला बाहेर, आणि नवरा, धोंडीबा, म्हणाला होता, तू बस, मी सांगतो तुला मागून. अडीच तास ती आतले आवाज ऐकत बसली. घोडे पळत होते, कुणीतरी हसत होतं, कुणीतरी हाका मारत होतं. परतताना बैलगाडीत तिनं विचारलं, काय झालं सिनेमात? धोंडीबा वाईट माणूस नव्हता. त्यानं आठवून आठवून सांगितलं, “मारामारी झाली. मंग लगीन झालं. मंग संपला.”

पुढं धोंडीबा काविळीनं गेला. जुन्या मालकांनी तिला या दारावर उभं केलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं बाहेरच्या पडवीत दोन खांबांना जुनं लुगडं बांधून झोळी केली. ज्या बाईचं लेकरू आत रडेल, ते ती बाहेर घेऊन यायची आणि झोळीत घालून हलवायची. आईनं उठायचं नाही, असा तिचा दंडक. एकेका दिवशी झोळीत दोन दोन लेकरं पायाला पाय लावून झोपलेली असत. या पायी तिनं स्वतः एकही सिनेमा मुळापासून शेवटापर्यंत पाहिला नव्हता. पण तिच्या दारातून सिनेमा अर्धा सोडून कुणी आई बाहेर आली नव्हती. टॉकीज नवी झाली तेव्हा योगीराजनं झोळी काढायला लावली. एसी टॉकीजच्या दारात फाटकं लुगडं बरं दिसत नव्हतं.

आत राष्ट्रगीत संपून लोक खुर्च्यांत बसल्याचा आवाज आला. धुरपदाबाईनं हात पुढं केले.

“आन त्याला इकडं. तू जा आत.”

दैवशालाला आधी कळलं नाही.

“आगं, आन. मला लेकरं सांभाळायची सवय हाय. दूध कवा पाजलंस?”

“आत्ताच, बाजारात.”

“मंग जा. शेवट झाल्याबिगर भाईर यायचं न्हाई.”

परमेश्वर काही बोलायला गेला, पण तोवर पोरगं धुरपदाबाईच्या खांद्यावर आलं होतं आणि दैवशाला दाराआड गेली होती. जाताना तिनं एकदाच मागं वळून पाहिलं, ते पोराकडं की उजेडाकडं, कोण जाणे. परमेश्वर पुरुषांच्या दाराकडं वळला.

झाडूच्या कोनाड्यात गुंडाळून ठेवलेलं लुगडं धुरपदाबाईनं काढलं, झटकलं आणि जुन्याच खांबांना बांधलं. पोरगं अर्धा तास गुणी राहिलं. झोळीच्या कडेतून पाय बाहेर काढून हवेत मारत राहिलं. मग त्याला आईची आठवण झाली. आधी ओठ काढले, मग एक बारीक सूर, आणि मग त्यानं असा टाहो फोडला की समोरचा पानवाला मान वर करून बघायला लागला. धुरपदाबाईनं त्याला उचललं, खांद्यावर थोपटलं, पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. उपयोग झाला नाही. चहाच्या गाड्यावरून तिनं वाटीभर दूध आणलं, त्यात बिस्कीट बुडवून त्याच्या जिभेला लावलं. ते त्याला पटलं. हुंदके देत देत तो चाटायला लागला.

वर बघते तो योगीराज समोर उभा.

“मावशी, हे काय?” त्याचा आवाज हळू होता. “फलक आपण कशासाठी लावला? त्यात काय लिहिलंय, मी वाचून दाखवलं होतं ना तुम्हाला?”

“दोनदा दाखवला, दादा.”

“मग?”

“तीन वर्सांच्या खालच्या लेकराला आत सोडायचं न्हाई, आसंच हाय ना त्यात?” धुरपदाबाईनं पोराची हनुवटी पदरानं पुसली. “सोडलंच न्हाई मी. लेकरू भाईरच हाय. आत गेली ती त्याची माय.”

योगीराजनं फलकाकडं पाहिलं. त्यानं स्वतःच सांगून लिहून घेतलेला फलक होता तो, त्यात आयांविषयी एक अक्षर नव्हतं. 

“दिनकरराव आत बसलेत,” शेवटी तो म्हणाला. “पुन्हा त्यांची तक्रार आली, तर मला काहीतरी करावं लागेल, मावशी. माझाही नाइलाज आहे.”

“ठावं हाय मला. तुमी करा जे करायचं ते. पन आत्ता नगा करू, सिनिमा संपंस्तोर थांबा. ती पोरगी सा म्हैन्यानं बसलीय खुर्चीवर.”

तो वळून ऑफिसकडं गेला. धुरपदाबाईनं पोराला झोळीत ठेवलं. काम गेलंच तर लेकाकडं जाता आलं असतं; रामकिशन चाकणला कंपनीत लागला होता, ये म्हणत होता. पण तिथं जाऊन तिनं दिवसभर करायचं काय, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

मध्यंतर झालं. दैवशाला धावतच बाहेर आली, पोराला छातीशी लावलं, पाजलं, आणि घंटा होताच पुन्हा त्याला झोळीत ठेवून आत गेली. या खेपेला तिनं मागं वळून पाहिलं नाही.

उत्तरार्ध सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. आतून खणखणीत फोन वाजला, वाजतच राहिला, आणि मग मोठ्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं : “हॅलो! हां, बोल! अगं, टॉकीजमध्ये आहे!” त्यावर आतून चहूबाजूंनी शुक् शुक् झालं, कुणीतरी ‘काका, भाईर जाऊन बोला’ म्हणालं, आणि बायकांच्या बाजूचं जवळचं जाड दार ढकलून दिनकरराव फोन कानाला लावूनच पडवीत आले.

“नेट नाही इथं नीट! काय म्हणतोय आमचा राजा?”

झोळीतलं पोरगं दचकलं. त्याचे दोन्ही हात वर उडाले. धुरपदाबाईनं एक हात झोळीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर धरून दिनकररावांकडं पाहिलं. अव्वल कारकुनाला असं कुणी गप्प केलं नसेल. ते एकदम थांबले, आवाज खाली आणून दोन शब्द बोलले आणि त्यांनी फोन ठेवला.

“कुणाचं आहे?” त्यांनी झोळीकडं बोट केलं.

“आत बसलीय त्याची माय. ऊसतोडीची हाय.”

दिनकरराव वाकून बघायला लागले. पोरानंही डोळे विस्फारून त्यांच्या चष्म्याकडं पाहिलं.

“मुलीला मुलगा झालाय आमच्या,” ते म्हणाले. “नऊ महिन्यांचा. बंगलोरला असतात. मी अजून फोनमध्येच बघितलाय.”

 धुरपदाबाईनं झोळीची कड त्यांच्या हातात दिली. “धरा जरा. वाटी धुऊन येते मी.”

नळावर वाटी धुऊन ती परतली तेव्हा दिनकरराव झोळी हलवत होते, फायली सरकवाव्यात तशी, झटक्यानं. “हळू,” ती म्हणाली, “त्याला सौताचा झोका आसतो, त्येच्या मागं मागं जायचं.” ते हळू झाले. मग त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली, आणि आत त्यांची बायको, त्यांची खुर्ची आणि त्यांचा सिनेमा तसाच राहिला. ऑफिसच्या दारात योगीराज येऊन उभा राहिला होता. त्यानं हे पाहिलं आणि तो परत आत गेला.

सिनेमा सुटला. दारं उघडली, गारवा आणि माणसं एकदम बाहेर पडली. दिनकरराव बायकोला शोधत गर्दीत मिसळले. आता कुणाची तरी बोलणी खायची, अशा तयारीनं धुरपदाबाई झोळीची गाठ सोडायला लागली. योगीराज जवळून जाता जाता म्हणाला, “राहू द्या, मावशी. फक्त उद्या कापड जरा धडसं लावा.”

गर्दी ओसरल्यावर सगळ्यात शेवटी दैवशाला आली. तिचे डोळे लाल होते. तिनं झोपलेल्या पोराला उचललं, पण ती लगेच गेली नाही, पायरीवर टेकली. रस्त्यापलीकडं त्यांच्या गावची जीप भरत होती आणि परमेश्वर तिथून हाताची खूण करत होता.

धुरपदाबाई तिच्याशेजारी बसली.

“एक इचारू का, बाई?” ती म्हणाली. “शुक्रवारपासून ऐकायलेय मी ह्यो सिनिमा. सरता सरता लय येळ कुनीच बोलत न्हाई. निस्ती बासरी वाजती. तवा काय हुतं गं?”

दैवशाला विचारात पडली. पोराच्या कपाळावरचे घामेजलेले केस तिनं बोटानं मागं सारले.

“काईच हुत न्हाई, मावशी,” ती म्हणाली. “त्यो जातो. गाडी दिसंनाशी हुती. अन् ती तशीच दारात हुबी ऱ्हाती. त्येनं काय काय सांगितलेलं आसतं, ते समदं तिच्या तोंडावर दिसतं.”

“निस्ती हुबी ऱ्हाती?”

“हां. मंग आत जाती अन् भाकरी थापाया बसती.”

जीपवाल्यानं हॉर्न दिला. दैवशाला उठली, पोराला खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडला आणि मागच्या फळीवर चढून बसली. जीप बाजाराच्या गर्दीतून वाट काढत गेली, वळणावर दिसेनाशी झाली.

धुरपदाबाई पायरीवर तशीच बसून राहिली. पुढच्या खेळाच्या बायका येऊन दारापाशी थांबल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, मावशी, दार उघडा की. तेव्हा ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिकिटं घ्यायला तिनं हात पुढं केला.