नाल्यापलीकडचे दाणे

पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे आमचं गाव. शहाण्णव साली गावाला हातपंप मंजूर झाला, तोही एकच. तो कुठे बसवायचा यावर बैठकांवर बैठका झाल्या आणि नुसता आरडाओरडा झाला. शेवटी जालन्याहून एका संस्थेच्या मॅडम आल्या. त्यांनी पारापुढे बायांकडून रांगोळीनं अख्खं गाव काढून घेतलं.

"आता दिवसाला पाण्याच्या जितक्या खेपा, तितके ज्वारीचे दाणे आपापल्या घरावर ठेवा," त्या म्हणाल्या. "चुकलं तर हलवा, रांगोळीही बदला. ढीग मोठा तिथं त्रास मोठा."

बैठकीत तोंड न उघडणाऱ्या बाया एकमेकींचे दाणे तपासू लागल्या. पुरुष मंडळी नुसती डोकावत राहिली.

सगळ्यात मोठा ढीग झाला सरपंच धर्मराजच्या घरावर. "पाहा! पंप आमच्याच गल्लीत पायजे, बिलकुल बराबर!" धर्मराज खुश झाला. त्याच्या परसात बारमाही पाण्याचा आड होता. गावाला ते ठाऊक होतं, पण सरपंचाला सांगणार कोण?

त्याची बायको पुष्पाबाई मात्र मान खाली घालून बसली. त्या बाजूची रांगोळी तिनंच काढली होती आणि ती नाल्यापाशी थांबवली होती. नाल्यापलीकडे धर्मराजच्या माळावर मजुरांची खोपटं होती. त्यातल्याच एका खोपटात तिची विधवा धाकटी जाऊ नंदाबाई लेकरांसह राहायची. दीर वारल्यावर तिला वेगळं घाला म्हणून पुष्पाबाईच हटून बसली होती. ते खोपट चारचौघांत काढायला तिचा हात धजला नव्हता.

आपलं घर कुठे दिसेना, तेव्हा माळावरच्या बायांनी मालकाच्या घरावर दाणे ठेवले. नंदानंही सासरचं घर म्हणून तिथंच ठेवले.

गप्प राहिलं तर पंप दारात येणार होता. पण नंदाच्या डोक्यावर हंड्याखालची चुंबळ अजून तशीच होती. पुष्पाबाईला स्वतःची शरम वाटली. ती उठली, नाल्यापलीकडे रांगोळीनं एकेक खोपट काढलं आणि ढीग ओंजळीनं तिकडे नेऊन ओतला.

"काय करून राह्यली तू?" धर्मराज ओरडला.

"ज्यांच्या खेपा त्यांच्या दारात नेऊन राह्यले. आपल्या घरात आड हाय."

सगळं चित्रच बदललं. पंप माळावर, हे आता सरपंचालाही नाकारता येईना. पण पुष्पाबाईचं घर सगळ्यांसमोर रिकामं पडलं, एक दाणा नाही.

नंदा पुढं सरकली. माळावरच्या ढिगातले दोन दाणे उचलून तिनं त्या रिकाम्या घरावर ठेवले.

"हे अक्काचे," ती मॅडमना म्हणाली. "रोज दोन खेपा अक्काच आणून देत्यात मला."

मॅडमनी कौतुकानं मान डोलावली. गावच्या बायांनी नजरा खाली वळवल्या. नंदाला वेगळं घातल्यापासून पुष्पाबाईनं नाला एकदाही ओलांडला नव्हता. ते दोन दाणे उचलावेत म्हणून तिनं हात पुढं केला, पण तिला ते उचलवेनात.